राहीबाईंच्या डोळ्याची खतावणी

राहीबाईंनी ओतलेला चहा कपात न पडता कपाच्या शेजारी पडला आणि टेबलावरून वाहत वाहत आबांच्या खतावणीकडे निघाला. आबांनी आधी वही उचलली आणि मग बायकोचा हात भाजला का ते पाहिलं. हा क्रम राहीबाईंच्या लक्षात आला. ऑपरेशन झाल्यापासून त्यांच्या उजव्या डोळ्यातून काहीच सुटत नव्हतं.

“वही वाचली न्हवं? मग झालं,” त्या म्हणाल्या.

“आगं, शाईचं हाय त्ये. भिजलं की गेलं.”

“आन् माझा हात?”

“तो भिजला तरी ऱ्हातोय.”

आष्ट्याच्या आकाराम आबांनी एका सहकारी साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात एकतीस वर्षं काढली होती. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल-श्रीफळ देऊन मोकळं केलं, पण आबांनी हिशेबाला काही मोकळं केलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी घराची रोजकीर्द आणि खातेवार खतावणी सुरू केली. चार ओळींत उरकणारी घरखर्चाची वही नव्हे, चांगली दुहेरी पद्धतीची. प्रत्येक रुपया दोनदा लिहायचा, देणाऱ्याच्या खाती जमा आणि घेणाऱ्याच्या नावे. मेथीची जुडी आणली तरी रोख खाते जमा आणि भाजी खाते नावे. राहीबाई म्हणायच्या, आमच्यात जुडी निवडायच्या आधी दोनदा लिहून होते.

महिन्यापूर्वी सांगलीच्या दवाखान्यात राहीबाईंच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. मुलगा शिवतेज पुण्यात एका कंपनीत होता, आणि त्याच्या विम्यात आईवडील बसत होते. आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून पैसे परत घ्यायचे, अशी रीत होती. परत मिळणाऱ्या पैशाला खर्च म्हणणं आबांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी खतावणीत नवं पान उघडलं आणि वर ‘शिवतेजची कंपनी, येणे’ असं वळणदार अक्षरात लिहिलं. ऑपरेशन, भिंग, डोळ्यांत घालायचे थेंब, काळा चष्मा, सगळं त्या पानावर कंपनीच्या नावे पडलं. एसटीचं तिकीट, चहा आणि सुखरूप पार पडल्याचा नारळ मात्र ‘औषधपाणी खर्च’ या घरच्या खात्यावर गेला, कारण कंपनी नारळाचे पैसे देत नाही हे आबांनी फोन करून विचारून घेतलं होतं.

“म्हंजी माझा डोळा पुण्याच्या कंपनीच्या नावावर चढला?” राहीबाईंनी विचारलं होतं. “उद्या उतारा काढला तर मालक कोन निघंल?”

“डोळा न्हाई, त्याचा खर्च.”

“खर्च न्हाईच, म्हनता की तुमी.”

“खर्च न्हाई, येणं हाय!” आबा वैतागले. “पैसं आलं की खातं मिटलं. मग डोळा तुझा.”

त्यात राहीबाईंचा दुसरा डोळा अडकला होता. पहिल्याचे चौतीस हजार आठशे सत्तर रुपये परत आले की त्यातूनच डावा डोळा करायचा, असं ठरलं होतं. उसाचा हप्ता निघायला अजून दोन महिने होते. तोवर राहीबाईंचे हाल चालले होते. एका डोळ्याला लख्ख दिसायचं, दुसऱ्याला धुकं. वस्तू दिसायची, पण किती लांब आहे ते कळायचं नाही. गेल्या आठवड्यात नसलेल्या पायरीवर पाय ठेवून त्या गुडघ्यावर पडल्या होत्या. “डाव्या डोळ्यानं बघितलं तर तुमी लग्नातल्यावानी तरणं दिसताय,” त्या नवऱ्याला म्हणायच्या, “उजव्यानं बघितलं की जीव दचकतोय.” हसून म्हणायच्या खऱ्या, पण उंबऱ्यापाशी आल्या की भिंतीला हात लावूनच पुढे जायच्या.

मूळ बिलं तीस दिवसांत कंपनीला पोचायला हवी होती. सोमवार शेवटचा. म्हणजे शनिवारी दुपारी एकच्या आत आष्ट्याच्या कुरिअरमध्ये पाकीट पडायला हवं. आणि आठवड्यापूर्वी महिन्याचा ताळा घेताना आबांच्या रोखीत दोनशे साठ रुपये कमी निघाले होते.

“आबा, कंपनीला तुमची वही नकोय, बिलं पायजेत,” शिवतेज फोनवर विनवत होता.

“अर्जावर काय छापलंय? ‘वरील माहिती खरी व बरोबर आहे.’ त्याखाली सही कुणाची? माझी. आरं, दोनशे साठाचं एखादं बिल ऱ्हायलं आसंल तर माहिती खरी कशी?”

“ऱ्हाऊ दे की! दोनशे साठ सोडून द्या.”

“शिवतेज,” आबा गंभीर झाले, “एकतीस वर्सांत माझी तेरीज ताळा लागल्याबिगर साहेबाच्या टेबलावर गेली न्हाई. आता तुझ्या कंपनीसाठी पाठवू व्हय?”

तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांची जमा-नावे बेरीज. दोन्ही बाजू सारख्या आल्या की आबांना जेवण गोड लागायचं. सध्या आठवडाभर ते जेवत होते, पण चवीचं विचारू नये.

आबांनी फरकाचा पद्धतशीर शोध सुरू केला. फरकाला नवाने भाग गेला तर आकडे उलटसुलट पडलेले असतात. दोनशे साठाला नवाने भाग जाईना. मग फरक निम्मा करून बघायचा; तेवढी रक्कम चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते. निम्मे एकशे तीस. काळ्या चष्म्याचे बरोबर एकशे तीसच होते! आबांनी आनंदाने मांडीवर थाप मारली, पान उलटलं, आणि चष्मा योग्य बाजूला, योग्य पानावर बसलेला पाहून त्यांचं तोंड उतरलं.

मग ते भाऊसोच्या औषधाच्या दुकानात गेले. भाऊसोने निमूटपणे संगणकातून महिन्याची सगळी बिलं काढून दाखवली. रुपयाचाही फरक नव्हता.

“आबा, त्या दिवशी गडबडीत कुठं रिक्षाला, कँटीनला दिलं असतील.”

“गडबड? माझी?” आबांनी छाती पुढे काढली. “गड्या, तिथं भाईर पडदा लावलाय. आत आपरेशन चालतं त्ये नातेवाइकास्नी दिसतं. ह्यो एवढा डोळा, परातीएवढा! लोकं तोंड फिरवत्यात. आन् मला काय झालं सांगू? बघता बघता डुलकी लागली. तासभर झोपलो मी. त्याला काळीज लागतं.”

“खरंय,” भाऊसो म्हणाला.

“फकस्त डास लय हाईत तितं. दंडाला ह्यो एवढा फोड आला. मी तक्रारवहीत लिवून आलो.”

राहीबाईंची तपासणी झाली होती, तरी गुरुवारी आबा एकटेच एसटीने सांगलीला गेले. काउंटरवर पूजा नावाची मुलगी होती. तिने राहीबाईंचा नंबर टाकून पाहिला. सगळी बिलं भरलेली, एकही सुटलेलं नाही.

“या पेशंटचं काही नाही, आजोबा. दुसऱ्या कुणाच्या नावावर बघू का?”

“दुसरं कोन? आमी एकच पेशंट आनला हुता.”

पूजाने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर ओळख उमटली. “आता बरं वाटतंय ना, आजोबा?”

“झ्याक! दोन्ही वेळेला थेंब घालतोय तिला,” आबा म्हणाले. मुलगी फार वळणाची आहे, असं त्यांना वाटलं. शोधापायी एसटीचं अर्धं तिकीट दोन वेळा, चहा आणि भडंग मिळून एकशे सात रुपये गेले. ते त्यांनी संध्याकाळी रोजकीर्दीत लिहिले. फरक तिथेच, वर हा नवा खर्च.

आता एकच जागा उरली होती, आणि तिच्याकडे बघायचं आबा आठवडाभर टाळत होते. ऑपरेशनच्या दिवशी पैशांची पिशवी सुनेच्या खांद्याला होती. सृष्टी तासगावची, लग्नाला आठ महिने झालेले. पुण्याची नोकरी लॅपटॉपमध्ये घालून ती सासूच्या डोळ्यासाठी महिनाभर आष्ट्यात येऊन राहिली होती. औषधं आणायला तीच धावली होती, आणि उरलेले पैसे तिनेच डब्यात ठेवले होते.

शुक्रवारी दुपारी जेवताना आबा घसा खाकरून म्हणाले, “कारखान्यात एक पद्धत हुती. फरक सापडला न्हाई, तर ज्याच्या हातात रोकड हुती त्याच्या नावं ‘उचंत’, म्हंजी तात्पुरता, म्हणून टाकायचा. मग जमाखर्च फुडं सरकतोय.”

“म्हंजी कुणाच्या नावं?” राहीबाईंचा घास हातातच राहिला.

“आता त्या दिवशी पिशवी… सृष्टीकडं हुती.” आबा घाईघाईने पुढे म्हणाले, “आरोप न्हाई, पोरी. पद्धत हाय.”

“हो मामा,” सृष्टी म्हणाली आणि खाली बघून भात कालवू लागली. तिच्या ताटात भाजी संपली होती, तरी तिने मागितली नाही. राहीबाईंना ते एका डोळ्यानेही पुरेसं दिसलं.

सूनबाईच्या नावाचं पान उद्या सकाळी उघडायचं ठरलं. संध्याकाळी आबा डेअरीवर दूध घालायला गेले, तेव्हा सृष्टीने कपाट उघडलं आणि पैशाच्या डब्यात स्वतःच्या पाकिटातले दोनशे साठ रुपये हळूच ठेवले. शनिवारी सकाळी आबा आंघोळीला गेले, तेव्हा राहीबाई भिंत धरत धरत कपाटापाशी आल्या. अंडी विकून साठवलेल्या पैशांतून त्यांनी दोनशे साठ मोजले आणि त्याच डब्यात टाकले. दोघींनी एकमेकींना काही सांगितलं नव्हतं. दोघींनाही वाटलं की घरावरचं गंडांतर टळलं.

आबा आंघोळ करून आले, गंध लावलं आणि शेवटचं म्हणून रोख मोजायला बसले. एकदा मोजली. चष्मा पुसून दुसऱ्यांदा मोजली. तिसऱ्यांदा मोजून नोटा तशाच मांडीवर ठेवल्या.

“राही, पानी आन.”

“काय झालं? लागला ताळा?” राहीबाईंनी उत्साहाने विचारलं.

“काल दोनशे साठ कमी हुतं. आज दोनशे साठ जास्त हाईत.”

दोघी सासू-सुना दारात उभ्या होत्या. दोघींनी एकदम आपापल्या पायांकडे पाहिलं.

“मग बरंच की!” राहीबाई म्हणाल्या. “घरात आलं, गेलं न्हाई.”

“बरं?” आबा ताडकन उठले. “कमी पडलं तर माणूस चुकला म्हंत्यात. जास्त पडलं तर घोटाळा! ह्ये पैसं कुनाचं? कुनाचं तरी देनं ऱ्हायलंय आपल्याकडनं. मालक सापडल्याबिगर मी सही करत न्हाई. सगळी खतावणी पहिल्या पानापासनं तपासतो.”

“मामा, साडेअकरा वाजलेत. एकला कुरिअर बंद होतंय.”

“होऊ द्या.”

“आन् माझा डोळा?” राहीबाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. “माझा डावा डोळा त्या पानावर अडीकलाय, ध्यानात हाय न्हवं? का मी अशीच चाचपडत फिरू, तुमचा मालक गावंस्तवर?”

आबांनी वहीवर हात ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. तिच्या गुडघ्यावरची जखम लुगड्याआडून दिसत नव्हती, पण ती कुठल्या पायावर भार देऊन उभी आहे ते दिसत होतं. त्यांना वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं. पण सही करायला हात धजेना.

“मी टाकलं,” राहीबाई म्हणाल्या. “सकाळच्या पारी. अंड्याचं दोनशे साठ.”

“आत्ती!” सृष्टी ओरडली. “मी पण टाकले. काल संध्याकाळी.”

आबा खाली बसले. कमी दोनशे साठ, अधिक दोनशे साठ, अधिक दोनशे साठ. हिशेब जुळत होता, आणि तरीही काहीच कळत नव्हतं. “का पर? आन् मुळातलं दोनशे साठ गेलं कुटं?”

राहीबाई आत गेल्या आणि शेवयांच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद घेऊन आल्या. तो त्यांनी वहीवर ठेवला. सांगलीच्या त्याच दवाखान्याची पावती होती. रुग्णाचे नाव आकाराम, वय अडुसष्ट, तक्रार चक्कर येऊन पडणे. ईसीजी दोनशे, इंजेक्शन साठ.

“ह्यो आकाराम कोन?” आबांनी विचारलं. माणूस अडचणीत सापडला की काहीही विचारतो.

“आत्तींना आत नेलं, आणि पडद्यावर डोळा दिसायला लागला,” सृष्टी हळू आवाजात सांगू लागली. “डॉक्टरांनी सुरी टेकवली आणि तुम्ही बाकावरून खाली. दोन वॉर्डबॉयनी उचलून खाटेवर ठेवलं. डॉक्टर म्हणाले घाबरायचं काही नाही, धास्ती घेतलीय. मग तुम्ही डोळे उघडलेत आणि स्वतःच म्हणालात, ‘डुलकी लागली वाटतं.’ मी हो म्हणाले. एवढ्या लोकांत काय सांगायचं? अडीचशे रुपयांनी काय कळतंय, असं वाटलं मला.”

ती या घरात नवीन होती, हे इथे लक्षात घेतलं पाहिजे.

आबांचा हात आपोआप दंडाकडे गेला. “मग त्यो डास?”

“इंजेक्शन होतं, मामा.”

“मी तक्रारवहीत लिवलं की गं!”

“म्हनून तर हिनं आनलेला कागद मी लपीवला,” राहीबाई म्हणाल्या. “आडिटरला कवा भ्यालो न्हाई, आपरेशनाला झोपलो, म्हनून गावभर सांगत फिरत हुता. म्हनलं असू दे. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“सव्वा लाखाची कुटली,” आबा पुटपुटले. “दोनशे साठाची.”

मग त्यांनी डब्यातून पाचशे वीस रुपये मोजून बाहेर काढले, दोघींचे दोघींना दिले. सृष्टीच्या हातात देताना ते म्हणाले, “पोरी, चुकलं माझं. पद्धत कारखान्याची हुती, ती घरात आनायला नको हुती.” सृष्टीने पैसे घेताना वाकून नमस्कार केला, आणि आबांना कुठे बघावं ते समजेना. त्यांनी घाईने पेन उचललं. आकाराम यांची चक्कर, औषधपाणी खर्च खाते नावे, रोख खाते जमा, दोनशे साठ. मग तासभर बसून सगळी तेरीज पुन्हा मांडली. ताळा लागला. दोन्ही बाजू अशा जुळल्या की बघत राहावं.

“पावने एक!” राहीबाई ओरडल्या. घड्याळ आता त्यांना सगळ्यांच्या आधी दिसत होतं.

आबांनी अर्जावर सही ठोकली, समोरची सगळी बिलं गोळा करून पाकिटात कोंबली, आणि सृष्टीच्या मागे स्कूटीवर बसले. कुरिअरवाला शटर अर्धं ओढून उभा होता. त्या फटीतून आबांनी पाकीट आत सरकवलं आणि पावती घेतल्याशिवाय हात बाहेर काढला नाही.

बुधवारी शिवतेजचा फोन आला. तो हसतोय की रडतोय ते कळत नव्हतं.

“आबा, कंपनीनं पत्र धाडलंय. तुमच्या बिलांची बेरीज आणि अर्जातली रक्कम जुळत न्हाई म्हणं.”

“शक्यच न्हाई. कितीचा फरक?”

“दोनशे साठ. आबा, कुणी आकाराम म्हणून पेशंट हाय. त्येला चक्कर आल्याचं बिल तुमी आत घातलंय.”

घाईघाईत समोरची सगळी बिलं गोळा केली होती, त्यात तीही गेली होती. महिनाभर घरातल्या घरात लपवलेली गोष्ट आता पुण्याच्या सातव्या मजल्यावर पोचली होती आणि त्यावर आवक क्रमांक पडला होता. कंपनीला लेखी खुलासा हवा होता, अर्जदाराच्या सहीचा. राहीबाईंच्या दुसऱ्या डोळ्यासाठी आबा तो लिहायला बसले. कारखान्यातली भाषा हाताला होतीच:

‘उपरोक्त फरकाबाबत सविनय खुलासा करण्यात येतो की, पत्नीचे नेत्रशस्त्रक्रियेचे चित्र पडद्यावर पाहत असता खाली सही करणारास भोवळ आली. सदर भोवळ पूर्णतः खाजगी स्वरूपाची असून तिचा भार कंपनीवर टाकण्याचा हेतू नव्हता व नाही. तरी कृपया सदर भोवळ वगळून उर्वरित रक्कम मंजूर व्हावी.’

आठ दिवसांनी सगळे चौतीस हजार आठशे सत्तर रुपये आले. आबांनी ‘शिवतेजची कंपनी’ हे खातं मिटवून खाली दोन रेघा मारल्या, आणि नव्या पानावर डाव्या डोळ्याचा अंदाज मांडायला घेतला. राहीबाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि नव्या डोळ्याने, चष्म्याशिवाय, एकेक ओळ मोठ्याने वाचू लागल्या. ऑपरेशन. भिंग. थेंब. एसटी. शेवटच्या ओळीशी त्या थांबल्या.

“‘आकाराम, चक्कर, दोनशे साठ.’ आवं, ह्ये काय?”

“तरतूद,” आबा वर न बघता म्हणाले. “मागचा आकडा बघून फुडची तरतूद करून ठिवायची असती.”

“आवं, पर पडद्याकडं बगू नका की! भाईर जाऊन बसा.”

“पडद्याचं काय न्हाई त्ये.” आबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. “भाईर बसलो तरी व्हनारच हाय. तुला आत नेली, की माझं काय खरं नसतंय, राही.”

राहीबाईंनी आबांच्या हातातलं पेन काढून घेतलं, टोपण काढलं आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिलं.

“दोनशे सत्तर ल्ह्या,” त्या म्हणाल्या. “शुद्धीवर आल्या आल्या तुमास्नी च्या लागतोय.”